कंपनीच्या नावाचे कुंकू

जालना जिल्ह्याला संप्रदायांचे वावडे कधीच नव्हते. समर्थ रामदासांचे जांब याच जिल्ह्यात, घनसावंगी तालुक्यात. वारकऱ्यांच्या दिंड्या आहेत, महानुभावांची देवस्थाने आहेत, दर्ग्यांचे उरूस आहेत, आणि या सर्वांचे एकमेकांशी बऱ्यापैकी जमते. परंतु अलीकडे येथे दोन नवे पंथ निघाले आहेत आणि त्यांचे मात्र एकमेकांशी मुळीच जमत नाही. एक महिंद्रावाल्यांचा, दुसरा टाटावाल्यांचा. दोस्तवाले, सुपर कॅरीवाले असे लहानसहान उपपंथही आहेत. पण खरा झगडा या दोघांत. ज्याच्या दारात बोलेरो पिकअप आहे त्याला योद्ध्याच्या मालकाची कीव येते, आणि योद्धावाला बोलेरोवाल्याकडे अशा नजरेने पाहतो की जणू त्या गृहस्थाने मुलगी चुकीच्या घरी दिली आहे.

अंबड चौफुलीवर किंवा मोंढ्यात भाड्याची वाट पाहत गाड्या उभ्या असतात तिथे पाच मिनिटे थांबावे. पावसापाण्याच्या चौकशीने सुरू झालेले बोलणे सहाव्या वाक्याला गाडीवर येते.

"मामा, बोलेरो ती बोलेरो. चढाला दम तोडत नाही."

"राहू दे भाऊ. डिझेल किती पिती ते सांग ना आधी."

"पिती तर कामबी करती. तुमच्या गाडीला विकताना गिऱ्हाईक काहून मिळत नाही मंग?"

"मी इकायला कशाला जाऊ? ज्याची खराब असती तो इकतो!"

यावर हशा पिकतो, कोणी चहा सांगतो आणि वाद पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो. बोलेरो हे मुळात स्पेनमधल्या एका नाचाचे नाव. राव्हेल नावाच्या फ्रेंच संगीतकाराने १९२८ साली याच नावाची एक रचना केली. तिच्यात तोच ताल आणि तेच सूर शेवटपर्यंत फिरून फिरून येत राहतात, फक्त आवाज वाढत जातो. राव्हेलने मोंढा पाहिला नव्हता, नाहीतर त्याला या रचनेसाठी विशेष कष्ट पडले नसते.

वाचकहो, ही नुसती गंमत असती तर दिवाळीच्या फराळाशेजारी आम्ही ती चिवड्यासारखी चघळली असती आणि सोडून दिली असती. पण ही गंमत राहिलेली नाही. पिकअपवाल्याची ही कंपनीनिष्ठा एकतर्फी आहे, तिचा त्याला छदामही मोबदला मिळत नाही, आणि तिची किंमत मात्र त्याचा हौदा, त्याचा हप्ता आणि प्रसंगी त्याची बायकापोरे भरतात, असे आमचे स्पष्ट म्हणणे आहे. ज्याने कंपनीपुढे दहा मागण्या घेऊन उभे राहायचे, तोच तिचा बिनपगारी भाट होऊन बसला आहे.

दसऱ्याच्या दिवशी हे भाटपण पाहण्यासारखे असते. गाडी धुतात, पुसतात, झेंडूच्या माळा घालतात, लिंबू-मिरची बांधतात, आणि समोरच्या जाळीवर कंपनीचे जे चिन्ह असते नेमके त्यावर कुंकवाचे बोट ओढतात. आम्हाला कुंकवाचे वावडे नाही. हत्यारांची पूजा ही आपली जुनी आणि शहाणी चाल आहे. जे पोटाला घालते त्याला वर्षातून एकदा हात जोडलेच पाहिजेत. पण कुंकू कोणाच्या नावाचे, हा प्रश्न विचारायला हवा. त्या गाडीवर तीन नावे असतात. पुढे कंपनीचे, ठळक, चकचकीत. आरसी बुकात कर्ज देणाऱ्याचे, हप्ते फिटेपर्यंत न पुसले जाणारे. आणि मागच्या फाळक्यावर, 'आईवडिलांचा आशीर्वाद' याच्या खाली, चिखलाच्या शिंतोड्यांत, मालकाचे. ज्याचे नाव सर्वांत मागे तोच सर्वांत पुढच्या नावासाठी भांडतो, याला काय म्हणावे?

आता दुसरी बाजू. पिकअपवाला मूर्ख आहे असे समजणारा माणूस जालना जिल्ह्यात कधी राहिलेला नाही. ज्या गाडीवर घर चालते ती निवडताना तो जेवढा विचार करतो तेवढा आपण शहरी मंडळी घर घेतानाही करीत नाही. गाडी मंठ्याला बंद पडली तर तिचा सुटा भाग मंठ्याला मिळेल काय? आपल्या ओळखीच्या मेस्त्रीचा हात या इंजिनावर बसला आहे काय? पाच वर्षांनी विकायला काढली तर किती येतील? थोरल्या भावाची, साडूची, शेजाऱ्याची हीच गाडी असेल तर जॅक, पाने, जुने फिल्टर, चार अनुभवाच्या गोष्टी फुकट मिळतात. कानाने इंजिनाचा आजार ओळखणारा मेस्त्री तर डॉक्टरापेक्षा मोलाचा. त्याचा हात महिंद्रावर बसलेला असेल तर गिऱ्हाईक महिंद्रा घेणार, टाटावर बसलेला असेल तर टाटा. आणि दोघेही शहाणेच ठरतात. ही निष्ठा मेस्त्रीशी आहे, साडूशी आहे, गावाशी आहे. तिला नावे ठेवणारे आम्ही कोण?

ही निष्ठा मेस्त्रीच्या गॅरेजातून निघून कंपनीच्या चिन्हावर जाऊन बसते तिथे घोटाळा होतो. मग साधा हिशेब संपतो आणि अब्रू सुरू होते. 'मला ही गाडी परवडते' या वाक्याचे 'आमची गाडी सर्वांत भारी' असे होते. आणि एकदा 'आमची' झाली की तिचे दोष सांगणारा शत्रू. क्लच वर्षात दोनदा गेला तरी गृहस्थ चारचौघांत बोलत नाही, कारण समोरचा टाटावाला हसेल. टाटावाल्याचा पत्रा गंजला तरी तो मुकाट रंग लावतो, कारण महिंद्रावाला टपलेला आहे. तक्रार दाबण्याचे एवढे स्वस्त यंत्र कोणत्याही कारखान्याला विकत मिळाले नसते. ते आपण घरी बनवून फुकट पोचवतो.

आणि ज्यांच्यासाठी एवढे एकपत्नीव्रत पाळायचे त्या कंपन्यांचा स्वतःचा इतिहास काय आहे? महिंद्रांची मूळ पाटी, १९४५ सालची, 'महिंद्र अँड महमद' अशी होती. भागीदार गुलाम महमद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. १९४८ साली पाटीवरचे 'महमद' जाऊन तिथे दुसरे 'महिंद्र' आले. अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीपगाड्या जोडण्यापासून यांचा मोटारीचा धंदा सुरू झाला. १९९५ साली फोर्डशी घरोबा झाला, तो सुटला. मग रेनॉल्टशी संसार मांडला. २००७ साली 'लोगन' हे अपत्य झाले आणि २०१० साली काडीमोड झाला. २०१९ साली फोर्डशीच पुन्हा वाङ्निश्चय झाला आणि २०२० साल संपता संपता तोही मोडला.

टाटांचे पाहा. १९५४ साली टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी करार केला आणि जमशेदपूरच्या मालमोटारींवर मर्सिडीजची तीन टोकांची चांदणी झळकू लागली. १९६९ साली करार संपला. चांदणी उतरली, टाटांचे स्वतःचे चिन्ह चढले. अशोक लेलँडने निस्सानच्या सोबतीने २०११ साली 'दोस्त' बाजारात आणला आणि २०१६ साली ती भागीदारी मोडली. दोस्त राहिला, दोस्ती गेली. आम्ही या कंपन्यांना दोष देत नाही. धंदा म्हटला की भागीदार यायचे, जायचे. जिथे फायदा दिसतो तिथे जाणे हे त्यांचे कामच आहे. पण या साऱ्या लग्नांत आणि घटस्फोटांत एकटा भोकरदनचा गिऱ्हाईक तेवढा जन्मोजन्मीचा सावित्री होऊन वडाला दोरे गुंडाळीत बसला आहे, हे दृश्य काही आम्हाला पाहवत नाही.

नावांचेच घ्या ना. आपल्याकडे आजही कोणतीही लहान मालगाडी दिसली की आजी म्हणते, 'टेम्पो आला.' टेम्पो हे हॅम्बुर्गच्या एका कारखान्याचे नाव. फिरोदियांनी १९५८ साली त्यांच्याशी जोडून बजाज टेम्पो काढली, तीन चाकी गाड्या रस्त्यावर आणल्या आणि नाव घराघरांत गेले. पुढे जर्मनीतला तो मूळ कारखाना दुसऱ्यांच्या पोटात गडप झाला. इकडे बजाज टेम्पोनेही २००५ साली नाव बदलून फोर्स मोटर्स केले. कंपनीने स्वतःचे नाव टाकले, आजीने टाकले नाही! त्याच २००५ साली टाटांनी 'एस' आणली. इंडिका मोटारीचे चार सिलिंडरचे इंजिन निम्मे करून दोन सिलिंडरचे, ७०२ घनसेंटिमीटरचे केले, आणि पाऊण टन माल वाहणारी ती इवलीशी गाडी बोळाबोळांत शिरली. कंपनीने दिलेले 'एस' हे नाव कोणी घेतलेच नाही. लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हटले. ही खरी मालकी. नाव आपण ठेवायचे, कंपनीने ते मुकाट्याने स्वीकारायचे. ही जुनी ऐट आता कुठे गेली?

हा रोग एकट्या जालन्याचा नाही. साऱ्या जगात पिकअपच्या मालकांना तो जडतो. ऑस्ट्रेलियात त्याची साथच होती. तिथे पिकअपला 'यूट' म्हणतात. तिच्या जन्माची कथा अशी सांगतात की १९३२ साली एका शेतकऱ्याच्या बायकोने फोर्ड कंपनीला पत्र लिहिले : आम्हाला अशी गाडी द्या की जिच्यातून रविवारी प्रार्थनेला नीटनेटके जाता येईल आणि सोमवारी डुकरे बाजारात नेता येतील. लुई बँड नावाच्या तरुण आराखडेकाराने तशी गाडी रेखाटली आणि १९३४ साली ती बाजारात आली. पुढे होल्डन कंपनीनेही आपली यूट काढली आणि देश दुभंगला. बाप फोर्डवाला म्हणून मुलगा फोर्डवाला. होल्डनवाल्या घरात सोयरीक नको. बॅथर्स्टच्या शर्यतीला दोन्ही बाजूंचे लोक आपापल्या रंगाचे झेंडे घेऊन डोंगर चढायचे. मग झाले काय? परवडेनासे झाले तेव्हा फोर्डने ऑक्टोबर २०१६ मध्ये तिथला कारखाना बंद केला. होल्डनने ऑक्टोबर २०१७ मध्ये केला, आणि २०२० साली तर होल्डन हे नावच मालक कंपनीने मोडीत काढले. दोन पिढ्या ज्यांच्यासाठी सोयरिकी मोडल्या त्यांनी गाशा गुंडाळताना या भक्तांना विचारलेसुद्धा नाही. त्या साऱ्या कथेत आम्हाला शहाणी वाटते ती एकच व्यक्ती, ती पत्र लिहिणारी बाई. तिने कंपनीचा जयजयकार केला नाही. 'मला काय हवे' ते सांगितले, आणि गाडी तिच्या गरजेला जन्मली.

आपल्याकडे असे पत्र कोण लिहितो? आपल्याकडे स्पर्धा भलत्याच गोष्टीची लागली आहे. कोणाची गाडी जास्त माल ओढते याची.

या ठिकाणी आम्हाला थोडे थांबावेसे वाटते, कारण विनोदाची जागा इथे संपते. कोणत्याही पिकअपला तिचे पासिंग असते. कायद्याने आणि कारखान्याने ठरवून दिलेले वजन. कोणाचे सव्वा टन, कोणाचे दीड, कोणाचे एक टन सातशे. २०२२ साली टाटांनी योद्ध्याची दोन टन पासिंगची गाडी आणली, २०२३ साली महिंद्रांनी बोलेरो मॅक्स पिकअपमध्ये दोन टनांपर्यंत मजल नेली. कारखान्यांनी कागदावर, तपासण्या करून, एकमेकांच्या पुढे जावे, यात वावगे काही नाही. परंतु चौफुलीवर ही चढाओढ कागदावर होत नाही. मोसंबीचे वीस किलोचे एक कॅरेट धरले तर एक टन सातशेच्या गाडीत ८५ कॅरेट बसतात. महिंद्रावाल्याने शंभर टाकले हे टाटावाल्याला कळते. तो सव्वाशे टाकतो. मग पहिला हौद्याला वरून फळ्या लावून दीडशे रचतो आणि ताडपत्रीची रस्सी आवळताना म्हणतो, "बघा, हूं की चूं न्हाई केलं!" दीडशे कॅरेट म्हणजे तीन टन. गाडीने चूं केले नाही, कारण गाडीला तोंड नाही.

तिच्या पाट्यांना मात्र ते कळते. म्हणून मालक काय करतो, तर मागच्या कमानीत जादा पाटा चढवतो. पाटा चढला की गाडी बसत नाही, आणि गाडी बसत नाही म्हणून तिला ओझे झाले नाही असे त्याला वाटते. अहो, पाटा वाढला. ब्रेक वाढले का? ॲक्सल वाढला का? टायर वाढले का? वजन दीडपट झाले तर त्याच वेगातून गाडी थांबवायला ब्रेकला दीडपट शक्ती गिळावी लागते. वेग दुप्पट झाला तर चौपट. हे गणित कोणत्याही कंपनीच्या गाडीला सारखेच लागू आहे. त्याला टाटा-महिंद्रा कळत नाही. त्यात आता समृद्धी महामार्ग आला. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला, आणि ७०१ किलोमीटरचा सबंध रस्ता ५ जून २०२५ पासून चालू आहे. सरळसोट काँक्रीट, जालन्याहून त्याला लागले की समोर मोकळे आभाळ. मालगाड्यांना तिथे ताशी ८० किलोमीटरची मर्यादा आहे. पण शेजारून दुसऱ्या पंथाची गाडी पुढे गेली तर पाय ॲक्सिलरेटरवर राहील काय? तापलेला टायर, तीन टन मोसंबी आणि कंपनीची इज्जत, तिन्ही एकाच हौद्यात.

दंडाची भीती घालावी तर तीही उरलेली नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात जादा मालाबद्दल २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये असा दंड आहे. एका खेपेला असा दंड बसला तर किती खेपांचे पोट मारले जाते हे कोणीही बोटांवर मोजावे. तरीही लोक भरतात, कारण 'आपली गाडी एवढे ओढते' हे सांगण्याची हौस दंडाहून मोठी आहे.

या हौसेचा फायदा कोणाला होतो ते पाहू. समजा, घनसावंगीच्या बागेतून जालन्याच्या बाजारापर्यंत एका खेपेचे भाडे दोन हजार ठरले आहे. दलाल टाटावाल्याला बाजूला घेऊन हळूच म्हणतो, "दाजी, तो बोलेरोवाला अठराशेत जातो म्हणतो." दाजींच्या अंगाची आग होते. बोलेरोवाल्यापुढे मान खाली? दाजी सतराशे म्हणतात. मग हेच वाक्य उलट्या दिशेने बोलेरोवाल्याच्या कानात जाते. संध्याकाळपर्यंत भाडे पंधराशेवर येते आणि दोघांनाही आपण जिंकलो असे वाटते. दोन हजाराचे काम पंधराशेत करायचे तर तोटा भरायला माल जास्त भरावा लागतो, म्हणजे आपण पुन्हा त्या दीडशे कॅरेटपाशी येऊन पोचलो. यावर कोणी म्हणेल, 'भाडे उतरले तर शेतकऱ्याचे भलेच की!' भले कसले? तळच्या कॅरेटमधली मोसंबी दबून पिचते, बाजारात तिचा भाव पडतो. आणि शिवाय जालना जिल्ह्यात पिकअपवाला आणि शेतकरी ही नेहमीच दोन वेगळी माणसे असतात काय? पुष्कळदा एकाच घरात थोरला बाग पाहतो आणि धाकटा गाडी चालवतो. थोरल्याच्या खिशात गेलेले पाचशे धाकट्याच्या खिशातून आलेले असतात.

सर्वांत वाईट गोष्ट अजून सांगायचीच आहे, आणि ती घरातल्या बायामाणसांनी नीट ऐकावी. तुळशीचे लग्न झाले की लग्नसराई येते. मुलाकडचे वऱ्हाड न्यायचे. जीप दोनच, माणसे चाळीस. मग कोणीतरी अभिमानाने म्हणतो, "आपली पिकअप हाये ना! आख्खं वऱ्हाड नेती." आणि हौद्यात सतरंजी टाकून आत्या, माम्या, पोरेसोरे उभी केली जातात. कापूस वेचायला जाणाऱ्या बायकांची तर ही रोजचीच स्वारी. मालगाडीच्या विम्यात मालाचा धनी किंवा त्याने माणूस पाठवला असेल तर तो, एवढ्यांचाच समावेश होतो. १९९४ च्या दुरुस्तीने तेवढी सोय केली. बाकी हौद्यात नुसते बसून चाललेल्या प्रवाशांची भरपाई विमा कंपनीवर बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली एका निकालात स्पष्ट केले. म्हणजे गाडी उलटली तर आत्याबाईंच्या जखमांचा दावा कोणावर? गाडीच्या मालकावर. त्याच्या शेतावर, त्याच्या घरावर. पुढच्या जाळीवरचे चिन्ह तेव्हा कोर्टात साक्षीला येत नाही.

आमच्या या बोलण्यावर एक जुने जाणते गृहस्थ म्हणाले, "अहो, शेतकऱ्याला जनावराचा अभिमान असायचाच. आमच्या वडिलांना आपल्या बैलजोडीचा नव्हता काय? शंकरपटात जोडी हरली तर दोन दिवस जेवायचे नाहीत. आता बैल गेले, पिकअप आली. अभिमान तोच."

नाही, तो अभिमान हा नव्हे. बैल घरच्या गायीचा असे, किंवा बाजारात दात पाहून, कातडी ओढून, चालवून पारखून आणलेला असे. त्याला जे वळण लागले ते मालकाने लावलेले. तो देखणा निघाला तर श्रेय मालकाच्या पेंडीला. म्हणून 'माझा बैल' म्हणण्यात अर्थ होता. 'माझी बोलेरो' आणि शेजाऱ्याची बोलेरो यांत नंबर सोडला तर फरक काय? आणि बैलवाल्याच्या अभिमानात दया होती. ओझे झाले की तो स्वतः खाली उतरून चाकाला खांदा लावी. पोळ्याला बैलाच्या मानेवर जू ठेवीत नसत. खांदेमळणीला लोणी-हळद चोळून सुजलेला खांदा शेकीत. पिकअपला पोळा नाही. तिच्या ड्रायव्हरला तर नाहीच नाही. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यात दिवसाला आठ तासांची आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तासांची मर्यादा होती, पण पाचांहून कमी कामगार असलेल्या धंद्याला तो लागत नसे. स्वतःचीच एक गाडी स्वतः चालवणाऱ्याला मुळीच नाही. हा गडी रात्री माल भरतो, पहाटे बाजार गाठतो, दुपारी परतीचे भाडे शोधतो, आणि मध्ये जी तासभर विश्रांती मिळते तिच्यात टाटावाल्याशी भांडतो.

२०१२-१३ च्या दुष्काळात जालन्यातल्या मोसंबीच्या बागा डोळ्यांदेखत वाळल्या. तेव्हा याच गाड्यांच्या हौद्यात पाण्याच्या टाक्या बसल्या आणि जिथे पोचता आले तिथल्या झाडांना घोटघोट पाणी पोचले. जालन्यात २०१८ साली रेशीमकोषांची बाजारपेठ निघाली, पण त्याआधी कोष थेट कर्नाटकात रामनगरला न्यावे लागत. तितक्या लांबची वाट एकेकट्याला परवडणारी नव्हती, चौघांचा माल एका गाडीत घालूनच ती परवडे. आणि पावसाळ्यात काळ्या रानात गाडी रुतली की मग पाहावे! चाके कुशीपर्यंत आत गेलेली. मागून योद्धा येतो, पुढून दोस्त येतो. एकाचा दोर, दुसऱ्याची पहार, तिसऱ्याचा खांदा, आणि 'हांऽ घे ओढून' अशा आरोळीत गाडी बाहेर. त्या वेळी दोर कोणत्या कंपनीच्या गाडीला बांधला आहे हे एकही माणूस विचारीत नाही. चिखल असेपर्यंत सगळे भाऊ. डांबरीला लागले की पुन्हा टाटा आणि महिंद्रा. हे डांबरावर का टिकू नये? ज्या लोकांना रुतलेली गाडी मिळून काढता येते त्यांना चौफुलीवर मिळून भाड्याचा दर का ठरवता येऊ नये? दोन्ही पंथांचे पन्नास मालक एका कागदावर सह्या करून 'सुटे भाग तालुक्याला मिळाले पाहिजेत, पहिल्या वर्षात क्लच गेला तर तो फुकट बदलून मिळाला पाहिजे' असे दोन्ही कंपन्यांना का लिहू शकत नाहीत? गांधी चमनच्या टपालपेटीत टाकलेले पत्र मुंबईला पोचते, एवढी सोय सरकारने केव्हाच करून ठेवली आहे.

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भट्ट्या आहेत, त्यांत भंगार वितळवून सळई करतात. कुठल्याकुठल्या गाड्यांची धुराडी, चॅसिस, पाटे तिथे एकाच ढिगात येऊन पडतात. त्या ढिगात टाटाचा पाटा कोणता आणि महिंद्राचा कोणता हे मेस्त्री ओळखील. भट्टी ओळखीत नाही. त्याच सळईने मग कोणाच्या तरी घराची स्लॅब पडते.

आता पाडवा आला आहे. शोरूमच्या दारात तोरणे लागली आहेत, किल्लीची मोठी पुठ्ठ्याची प्रतिकृती हातात देऊन फोटो काढतात ते फोटो निघतील. घ्यायची असेल त्याने गाडी जरूर घ्यावी, कोणत्याही कंपनीची घ्यावी. फक्त किल्ली घेण्याआधी घरच्या लक्ष्मीला सोबत न्यावे आणि प्रश्न तिला विचारू द्यावेत, कारण तिला चौफुलीवर कोणाला तोंड दाखवायचे नसते. लक्ष्मीपूजनाला आपण वही पूजतो. त्या वहीत यंदा एक पान गाडीचे उघडावे. डिझेल, टायर, हप्ता, विमा, पासिंगचा खर्च, मेस्त्री, हमाली, आणि बहुतेकजण विसरतात तो एक रकाना, स्वतः चालवलेल्या दिवसांची स्वतःची मजुरी. प्रत्येक खेपेची वजनकाट्याची पावती त्याच पानाला टाचावी. जमेच्या बाजूला भाड्याच्या खाली आणखी एक ओळ सोडावी : 'कंपनीच्या वतीने भांडल्याबद्दल आलेली रक्कम.' पुढच्या दिवाळीपर्यंत ती ओळ कोरीच राहील. घरात लहान मूल असेल तर त्याला तिथे रांगोळीचे ठिपके काढायला द्यावेत.